कुंड्यांच्या ओल-मापकाला एलएफपी सेल: उन्हाळा काढल्यानंतरचा अनुभव

गच्चीवरच्या कुंड्यांची ओल मोजून तासातासाला वाय-फायवरून आकडा पाठवणारा ईएसपी३२ (वाय-फाय असलेली छोटी कंट्रोलर चिप) मी हिवाळ्यापासून लिथियम आयर्न फॉस्फेटच्या, म्हणजे एलएफपीच्या एकाच सेलवर चालवतोय. ३२७०० साइज, ६००० एमएएच. पुन्हा घ्यायची वेळ आली तर हाच घेईन. तक्रारी आहेत, त्या पुढे.

आधी सगळ्यांचं असतं तेच होतं: १८६५० साइजचा नेहमीचा लिथियम-आयन सेल, टीपी४०५६चं चार्जिंग मॉड्यूल आणि व्होल्टेज ३.३वर आणणारा बोर्डावरचाच एएमएस१११७ रेग्युलेटर. या रेग्युलेटरला आउटपुटपेक्षा व्होल्टभर जास्त इनपुट लागतं. ३.३ हवे तर ४.३-४.४ द्या, सेल फुल्ल असला तरी ४.२च. वर तो स्वतःच ५ मिलिअँपच्या आसपास खातो. चिप डीप स्लीपमध्ये, म्हणजे वीज वाचवणाऱ्या गाढ झोपेत, गेली तरी याचा मीटर चालूच, दिवसाला १२० एमएएच. २६०० एमएएचचा सेल तीन आठवड्यांत आडवा होतो आणि लोक शिव्या सेलला घालतात. (९९०० एमएएच छापलेल्या १८६५०ला मात्र खुशाल घाला. या साइजमध्ये ३५०० म्हणजे डोक्यावरून पाणी.)

एलएफपी ३.२ व्होल्टचा आणि ईएसपी३२ला ३.० ते ३.६ चालतात, त्यामुळे मधला रेग्युलेटरच गेला. डेव्हलपमेंट बोर्डाऐवजी ईएसपी३२चं नुसतं मॉड्यूल घेतलं, म्हणजे पॉवरचा एलईडी नाही की यूएसबीची चिप नाही. सेन्सरला वीज एका पिनवरूनच, मोजून झालं की बंद. वाय-फाय सुरू होताना करंट एकदम उसळतो, म्हणून मॉड्यूलला चिकटूनच ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावलाय. स्प्रिंगचा स्वस्त होल्डर टाळा. त्या उसळीला तिथेच व्होल्टेज पडतं आणि बोर्ड रिसेट होत राहतो. निकेल पट्टी स्पॉट वेल्ड केलेला सेल मागा.

आता तक्रारी. व्होल्टेज जवळजवळ शेवटपर्यंत सपाट राहतं, त्यामुळे ‘किती टक्के उरली’ हे कळत नाही. मी ३.१च्या खाली गेल्यावर मेसेज येईल असं ठेवलंय, मग त्याच आठवड्यात सेल उतरवतो. दुसरं, टीपी४०५६ इथे चालत नाही, तो ४.२पर्यंत चढवतो. ३.६वर सेट केलेलं टीपी५०००चं मॉड्यूल लागतं आणि ते गल्लीतल्या दुकानात मिळेलच असं नाही. चार्जिंग चालू असताना सर्किट जोडलेलं ठेवत नाही.

सोलर पॅनल मुद्दाम लावलं नाही. आमच्या अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ला टेकतो, उन्हातल्या डब्याच्या आत त्याहून जास्त, आणि ४५च्या वर हे सेल चार्ज करू नयेत असंच डेटाशीट सांगतात. घरात पंख्याखाली चार्ज करतो.

वाय-फायऐवजी सिम८००एल (सिमकार्डावर चालणारं मोबाइल नेटवर्कचं मॉड्यूल) लावणार असाल तर मात्र एलएफपीच्या वाटेला जाऊ नका. त्याला ३.४ ते ४.४ व्होल्ट लागतात आणि क्षणभर २ अँप. तिथे चांगला १८६५० थेट जोडा.