आजीच्या नंबरावरून आलेला लांडगा : परीकथांच्या एका नव्या ॲपविषयी

जुन्या परीकथा आणि प्राणिकथा मोबाइलसाठी नव्याने मांडणारे एक ॲप मी गेले दोन महिने माझ्या आठ वर्षांच्या भाचीबरोबर वापरते आहे. कुठे मेसेजची देवाणघेवाण, कुठे श्रुतिका, कुठे वाचणाऱ्यानेच पुढची वाट निवडायची, अशा वेगवेगळ्या रूपांत इथे कथा सांगितल्या आहेत, आणि त्यांतली एक इतकी सुरेख साधली आहे की केवळ तिच्यासाठीही हे ॲप घ्यावे, असे मी म्हणेन.

ती कथा लाल टोपीवाल्या मुलीची. ती सगळी आजी आणि नातीच्या मेसेजमधून उलगडते. सुरुवातीला आजी प्रत्येक वाक्य पूर्ण लिहिते, शेवटी न विसरता पूर्णविराम देते आणि नातीला ‘बाळा’ म्हणते. मग बराच वेळ काहीच येत नाही. नंतर त्याच नंबरावरून, त्याच फोटोखाली मेसेज येतो, ‘कुठवर आलीस दार उघडंच आहे’. भाची लगेच म्हणाली, “मावशी, ही आजी नाहीये.” कशावरून, असे विचारल्यावर तिने वाक्याच्या शेवटी, जिथे पूर्णविराम असायला हवा होता, तिथे बोट ठेवले. जुन्या कथेत लांडगा आवाज बदलून आजीला आणि नातीला फसवतो. आज तेच सोंग दुसऱ्याचा नंबर आणि फोटो वापरून घेता येते, हे लिहिणाऱ्याने अचूक हेरले आहे. ‘तुझे डोळे एवढे मोठे का?’ या प्रश्नांची चढती मालिकाही जपली आहे, फक्त प्रत्येक उत्तरापूर्वी ‘टाइप करत आहे’ ही अक्षरे काही क्षण रेंगाळतात, आणि तेवढ्यात पोरीने माझा हात घट्ट धरलेला असतो. फ्रेंच लेखक शार्ल पेरो याच्या १६९७ च्या कथेत लांडगा मुलीला खातो आणि कथा तिथेच संपते, तर जर्मन लोककथा गोळा करणाऱ्या ग्रिम बंधूंच्या १८१२ च्या संग्रहात शिकारी तिला सोडवतो. ॲपमध्ये दोन्ही शेवट दिले असून कोणता कोणाचा, हेही सांगितले आहे.

हान्सेल आणि ग्रेटेलच्या कथेत मात्र वाट निवडण्याची सोय कथेच्या मुळावर आली आहे. रानात सोडलेल्या या भावंडांनी खुणेसाठी टाकलेले पावाचे तुकडे पाखरांनी खाल्ले की परतीची वाट नाहीशी होते, यावर त्या कथेची सगळी भीती उभी आहे. इथे ‘पाखरांना हाकला’ असे बटण आहे, ते दाबले की दोन्ही मुले सुखरूप घरी पोहोचतात आणि चेटकिणीचे घर लागतच नाही. भाचीने ते बटण दाबले, आणि “संपली पण?” असे विचारले.

जलपरीच्या कथेबद्दल माझी तक्रार अधिक गंभीर आहे. तिच्या आरंभी ‘मूळ कथा’ असे लिहिले आहे आणि शेवटी राजपुत्राशी तिचे लग्न लागते. डॅनिश लेखक अँडरसनच्या १८३७ च्या मूळ कथेत राजपुत्र दुसरीशी लग्न करतो आणि जलपरीचा देह समुद्राच्या फेसात विरतो. कथा बदलू नये, असे माझे म्हणणे नाही, कारण हान्सेल आणि ग्रेटेलला रानात सोडायला लावणाऱ्या आईची सावत्र आई तर खुद्द ग्रिम बंधूंनीच नंतरच्या एका आवृत्तीत केली. पण बदललेल्या कथेला मूळ म्हणणे ही मुलांची फसवणूक आहे.

पंचतंत्राचा विभाग वाचनासाठी आहे आणि त्याची भाषा चांगली आहे. पाचर उपटायला जाऊन जीव गमावणाऱ्या वानराची गोष्ट करटक हा कोल्हा सांगतो ती दमनक या दुसऱ्या कोल्ह्याला, नसत्या उठाठेवीत पडू नये म्हणून. ॲपमध्ये वानराच्या नावावर बोट ठेवले की ही आतली गोष्ट उघडते, पण ती संपल्यावर करटकाकडे परत न नेता थेट मुखपृष्ठ समोर येते, त्यामुळे ती कोणी, कोणाला आणि कशासाठी सांगितली, हे मुलाच्या ध्यानातच येत नाही. पुढच्या सुधारणेत निर्मात्यांनी सर्वांत आधी ही परतीची वाट द्यावी. तोवर हा विभाग मोठ्यांनी शेजारी बसूनच वाचून दाखवावा.