तासाने मिळणारा सराव हॉल: फ्लोअरला पैकीच्या पैकी, चेंजिंग रूमला नाही

आठवड्याला माझे अकरा क्लास असतात, चार वेगवेगळ्या ठिकाणी. शो असेल तेव्हा स्वतःचा सराव वेगळा. मोठ्या शहरात नाचून आणि शिकवून पोट भरायचं म्हणजे दिवस प्रवासात आणि दुसऱ्यांच्या हॉलमध्ये जातो. हा हॉल मी दीड वर्ष वापरतेय, म्हणून सविस्तर लिहिते.

पहिल्या दिवशी आरसे, एसी काहीच बघितलं नाही. चपला काढल्या आणि टाचेने जमिनीवर ठोकलं. स्लॅबवर नुसती लादी असेल, किंवा लाकडासारखं दिसणारं लॅमिनेट थेट चिकटवलेलं असेल, तर 'टक्' असा कोरडा आवाज येतो. इथे आवाज खोल आला. मग मैत्रिणीला उड्या मारायला लावलं आणि तिच्यापासून हातभर अंतरावर तळहात टेकवून बसले. प्रत्येक उडीला जमीन हाताखाली किंचित दबत होती आणि लगेच वर येत होती. खाली लाकडी पट्ट्या, पट्ट्यांना रबराचे ठोकळे, वर प्लायवूडचे दोन थर आणि त्यावर विनाइल. भिंतीलगत बोटभर फट ठेवलीय तीही बरोबर आहे. दमट हवेत लाकूड फुगतं, त्याला सरकायला जागा नसेल तर मध्येच फुगवटा येतो. मी टाचांवर चालत अख्खा हॉल फिरले, कुठे कडक जागा लागली नाही.

मालकांना फ्लोअरचे कागद मागितले, त्यांनी लगेच दाखवले. त्यात ईएन 14904 चा उल्लेख होता. बंदिस्त क्रीडागृहांच्या जमिनींसाठीचं हे युरोपीय मानक 2006 मधलं. काँक्रीटच्या तुलनेत किमान 25 टक्के दणका जमिनीने शोषला पाहिजे, असं ते सांगतं. वरची मर्यादा 75 टक्के, कारण फार मऊ जमिनीवर पोटऱ्या लवकर थकतात आणि उडीचं टायमिंग चुकतं. हॉल घेताना भाड्याची घासाघीस करतो, पण हा कागद मागायचं कुणाला सुचत नाही. मागत जा.

मी एवढी मागे का लागते, तर तीन वर्षांपूर्वी एका ठिकाणी रोज चार तास शिकवायचे. आरसे सुंदर, प्रकाश सुंदर, आणि खाली स्लॅबवर लादी. नडगी दुखायची, मी बर्फ लावायचे आणि परत उभी राहायचे. पुढे जिना उतरताना एकाच जागी बोट ठेवून दुखणं दाखवता यायला लागलं. एमआरआयमध्ये स्ट्रेस फ्रॅक्चर निघालं, म्हणजे सततच्या ताणाने हाडाला गेलेली बारीक चीर. आठ आठवडे क्लास बंद. आम्हाला क्लासमागे पैसे मिळतात, आजारपणाची रजा नसते. त्यातून माझ्या दोन बॅच कायमच्या दुसरीकडे गेल्या. सगळा दोष एकट्या फ्लोअरचा नसतो, विश्रांती मीही घेतली नव्हती. पण लादीवर दिवसाला दोनशे उड्या मारून घेणाऱ्या शिक्षकाला आणि त्या मारणाऱ्या मुलांना हा धोका आहे, हे मला कुणीतरी आधी सांगायला हवं होतं.

साउंड चांगला आहे. दोन स्पीकर भिंतीवर, आणि फोनला जोडायला वायर आहे. वायरच वापरा. ब्लूटूथवर बटण दाबल्यानंतर गाणं किंचित उशिरा सुरू होतं, आणि 'पाच, सहा, सात, आठ' म्हणून मुलांना सोडताना तेवढा उशीरही जाणवतो. आरशांवर पडदा आहे, ही मला सगळ्यात आवडलेली सोय. शेवटची पंधरा मिनिटं मी तो ओढून घेते. मुलं स्वतःकडे बघायची थांबली की त्यांचे खांदे आपोआप खाली येतात.

पहिल्या महिन्यात एकदा घसरले. पुसताना साबण जास्त पडायचा आणि विनाइलवर त्याचा थर राहायचा. सफाई करणाऱ्या मावशींना म्हटलं, "मावशी, साबण अगदी थोडा टाकून नंतर साध्या पाण्याने पुसाल का?" त्या म्हणाल्या, "अगं बाई, आधी नाही का सांगायचं! मी रोज चकाचक करायला बघत होते." तेव्हापासून पाय एकदा सरकलेला नाही. विनाइलच्या जोडावरची टेप उचलली गेली होती, तीही सांगितल्यावर दुसऱ्या दिवशी बदलली.

आता तक्रारी. चेंजिंग रूम एकच आहे, आणि बारा जणींची बॅच सुटते त्याच वेळी पुढची येते. दोन बुकिंगमध्ये दहा मिनिटं मोकळी ठेवतात हे चांगलं, पण कपडे बदलायला तेवढी पुरत नाहीत. एसीचा रिमोट ऑफिसात असतो. थंड हॉलमध्ये वॉर्म-अप वाया जातो, म्हणून मला दर वेळी खाली जाऊन सांगावं लागतं. रिमोट हॉलमध्ये ठेवा, ही माझी मालकांना मनापासून विनंती.

भाडं आसपासच्या हॉलपेक्षा थोडं जास्त आहे. मी ते देते, आणि फी का वाढवली ते पालकांना हीच जमीन दाखवून सांगते. एकाही पालकाने हरकत घेतली नाही.

मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी सात ते नऊ हॉल माझ्याकडे असतो. नऊनंतरचे तास बहुतेक वेळा रिकामे असतात.