व्हॅरिसाइट, वेव्हेलाइट की फिरोजा: अभ्यासाला कोणती रचना घ्यावी?

सेमिनारसाठी किंवा स्फटिकरचनेचं मॉडेल बांधायला सजल (रचनेत पाणी असलेल्या) ॲल्युमिनियम फॉस्फेटांपैकी एक खनिज निवडायचं असेल, तर रंगरूपावर जाऊ नका. पाणी नेमकं कुठे बसलंय ते आधी बघा. या खनिजांची खरी गंमत तिथेच आहे.

नवख्याने व्हॅरिसाइटच घ्यावं, असं माझं ठाम मत आहे. एका ॲल्युमिनियम फॉस्फेटमागे पाण्याचे दोन रेणू, इतकं सुटसुटीत सूत्र. ॲल्युमिनियमभोवतीच्या अष्टफलकाचे (आठ पृष्ठांच्या आकृतीचे; तिच्या प्रत्येक कोपऱ्यावर एक ऑक्सिजन) सहा कोपरे मोजा: चार कोपऱ्यांवर चार वेगवेगळे फॉस्फेट चतुष्फलक (फॉस्फरसभोवती चार ऑक्सिजन) जोडलेले, उरलेल्या लगतच्या दोन कोपऱ्यांवर पाणी. दोन अष्टफलक एकमेकांना थेट कुठेच भिडत नाहीत, मध्ये फॉस्फेट असतोच. तापवून हे पाणी घालवलं की ॲल्युमिनियमभोवती सहाऐवजी चारच ऑक्सिजन उरतात. म्हणजे इथलं पाणी पोकळीत नुसतं साठलेलं नाही, ते सांगाड्याचाच भाग आहे.

याचं जुळं भावंड मेटाव्हॅरिसाइट. सूत्र तेच, पण स्फटिकाची सममिती वेगळी: व्हॅरिसाइट समचतुर्भुजी (तिन्ही अक्ष एकमेकांना काटकोनात) आणि हे एकनत (एक अक्ष कललेला). अष्टफलक-चतुष्फलकांची गुंफणही वेगळी. रासायनिक विश्लेषणाने दोघं ओळखू येणार नाहीत, त्यासाठी क्ष-किरण विवर्तनासारखी, अणूंची मांडणी दाखवणारी पद्धत लागते. बहुरूपता (एकच सूत्र, वेगवेगळ्या रचना) शिकवायची असेल तर ही जोडी सोडू नका.

वेव्हेलाइट एक पायरी वरचं. इथे अष्टफलक हायड्रॉक्सिलच्या (ऑक्सिजन-हायड्रोजन जोडीच्या) कोपऱ्यांनी थेट जोडले जाऊन साखळ्या होतात आणि फॉस्फेट त्या साखळ्यांना एकत्र बांधतात. सूत्रातल्या पाण्याच्या पाच रेणूंपैकी चार ॲल्युमिनियमला धरून असतात, पाचवा पोकळीत सैल. वेव्हेलाइटचे सुईसारखे स्फटिक ज्या दिशेने लांब वाढतात, त्याच दिशेने या साखळ्या धावतात. चाकाच्या आऱ्यांसारखे पसरलेले या सुयांचे झुबके पाहिलेत तर आतली रचना बाहेर दिसल्यासारखी वाटते. बांधलेलं आणि सैल पाणी एकाच खनिजात दाखवायचं असेल तर हेच घ्या.

फिरोजा सर्वांत प्रसिद्ध, पण पहिल्या अभ्यासाला जड. रचना त्रिनत (तिन्ही अक्ष कललेले), त्यात तांब्याचा ताणलेला अष्टफलक, त्याच्याभोवती चार हायड्रॉक्सिल आणि दोन पाणी, शिवाय तो शेजारच्या ॲल्युमिनियम अष्टफलकांशी कडा वाटून घेतो. हा हात बसल्यावरचा विषय. त्यातही तांब्याशिवायचं, फक्त ॲल्युमिनियम फॉस्फेटचं उदाहरण हवं असेल, तर त्याच गटातलं प्लॅनेराइट बघा: तिथे तांब्याची जागा रिकामी असते.