ऊस कुणाला घालायचा: सहकारीला की खासगीला?

आडसालीची, म्हणजे दीड वर्षाच्या उसाची, लागण उरकली की आठ-पंधरा दिवसांच्या अंतराने आमच्या बांधावर दोन मोटारसायकली येतात. दोघेही चिटबॉय, म्हणजे कारखान्यासाठी उसाची नोंद घेणारे, दोघांच्या हातात नोंदीचा फॉर्म. एक सहकारी कारखान्याचा, जिथे आमच्या आजोबांच्या नावचा शेअर आहे. दुसरा वीस किलोमीटरवरच्या खासगीचा. यंदा चुलतभाऊ पुण्याची नोकरी सोडून शेतीत उतरलाय. त्याने पहिल्याच दिवशी निकाल लावून टाकला, "दादा, सहकार म्हणजे समाजवाद. तो जगात कुठं चाललाय? खासगीला देऊन मोकळं होऊ." त्याच्यासाठी आणि याच पेचात असलेल्या इतरांसाठी हे लिहितोय.

आधी दर. इथे दोघांत फार फरक नाही, कारण किमान दर दोघांनाही केंद्र सरकारच ठरवून देतं. 2025-26 हंगामाची एफआरपी, म्हणजे हाच किमान दर, 10.25 टक्के उताऱ्याला (उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणाला) टनाला 3,550 रुपये, आणि त्यावरच्या प्रत्येक 0.1 टक्क्याला टनामागे 34.60 रुपये जास्त. म्हणजे 11.25 उतारा असलेल्या कारखान्याची एफआरपी 3,896 होते. त्यातून तोडणी-वाहतूक वजा. समजा 900 गेले, तर हातात 2,996. साखर किती रुपयांखाली विकायची नाही हेही सरकारच सांगतं (2019 मध्ये 31 रुपये किलो ठरवले) आणि महिन्याला किती विकायची हेही. तेव्हा खासगी म्हणजे खुला बाजार, ही समजूत आधी बाजूला ठेव. गंमत म्हणजे बऱ्याच ठिकाणी तोडणी-वाहतूक सरासरीने कापतात. गेटाजवळचा शेतकरी चाळीस किलोमीटरवरच्याचं डिझेल भरतो. हा समाजवाद खासगीतही सुखाने नांदतोय.

खरा फरक एफआरपीच्या वरच्या पैशात आहे. साखर, मळी, बगॅस (उसाचं चिपाड), वीज, इथेनॉल विकून सगळी देणी भागल्यावर जे उरतं ते कुणाचं? खासगीत मालकाचं. तो टनाला शे-दोनशे वर देतो, ते शेजारचा देतोय म्हणून. सहकारीत लाभांशावर कायद्याने 15 टक्क्यांची मर्यादा आहे. उरलेलं उसाच्या दरातूनच सभासदाकडे यायचं, दिवाळीच्या हप्त्याच्या रूपाने. यावरून प्राप्तिकर खातं आणि कारखाने वर्षानुवर्षं भांडले. खातं म्हणायचं, किमान दराच्या वर दिलंत तो नफा वाटलात, कर भरा. कारखाने म्हणायचे, अहो, तो उसाचाच दर आहे. शेवटी 2023 च्या अर्थसंकल्पात 2016-17 या कर-आकारणी वर्षाच्या आधीची ही रक्कम खर्च म्हणून धरायची मुभा मिळाली आणि जवळपास 10 हजार कोटींचा दिलासा मिळेल असं सांगितलं गेलं. उरलेला पैसा हा कारखानदाराचा नफा की पिकवणाऱ्याच्या घामाचा मोबदला, एवढ्याच प्रश्नावर जगभर ग्रंथ लिहिले गेले. आपल्याकडे त्यावर नोटिसा निघाल्या.

विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेचा सहकारी कारखाना उभा केला तो याच प्रश्नातून. डिसेंबर 1950 मध्ये तिथे पहिलं गाळप झालं. त्याआधी नगर जिल्ह्यात खासगी कारखाने होतेच. मात्र साखरेच्या मिळकतीत पिकवणाऱ्याचा वाटा नव्हता. सोलापूर जिल्ह्यातल्या माळीनगरची वाट त्याहून वेगळी. सासवडच्या माळी शेतकऱ्यांनी 1932 मध्ये चक्क कंपनी काढली. भांडवलशाही शेतकऱ्यालाही वर्ज्य नाही, हे त्यांनी तेव्हाच दाखवलं होतं.

आता सहकारीची दुखणी. आमच्या वडिलांच्या बिलातून काही हंगाम टनामागे ठेव कापली गेली. नाव 'परतीची ठेव'. वडील गेले, ठेव परतली नाही. वार्षिक सभेचं म्हणशील तर मांडव भरलेला असतो, पुढच्या चार रांगांत कामगार बसवलेले असतात, विषयपत्रिकेचा विषय क्रमांक तीन वाचून व्हायच्या आत "मंजूर, मंजूर" सुरू होतं. एक सभासद, एक मत, ही जगातली फार मोठी गोष्ट आहे. दोन एकरवाला आणि दोनशे एकरवाला तिथे सारखे. पण त्या मताचा आवाज माइकवाल्याच्या हातात असतो. कर्जापायी काही सहकारी कारखाने लिलावात निघाले आणि खासगी झाले. तेच गेट, तोच बॉयलर. सभासद तेवढा मालक होता तो नुसता ऊस घालणारा झाला.

खासगीत मत नाहीच, पण पाय आहेत. दर पटला नाही तर पुढच्या साली दुसरीकडे. झोनबंदी होती, म्हणजे ठरवून दिलेल्या कारखान्यालाच ऊस घालायची सक्ती होती, तेव्हा ही सोय नव्हती. शरद जोशींची शेतकरी संघटना मोकळिकीसाठी भांडत होती, ते अशा बंधनांमुळेच. मात्र पाय तेव्हाच चालतात जेव्हा जायला दुसरा कारखाना असतो. पट्ट्यातला सहकारी बंद पडला की खासगीवाल्याचं गोड बोलणं एका हंगामात आटतं.

संपत्तीकडे बघायची आमची नजरही मजेशीर आहे. खासगी मालकाने दीड कोटीची गाडी घेतली की पारावर म्हणतात, "कर्तृत्व आहे माणसाचं." चेअरमनने घेतली की म्हणतात, "किती टन गेले आपले?" मला यात दुटप्पीपणा दिसत नाही. दुसऱ्याच्या पैशाचा हिशोब कोण मागतो? आपला असला की जीव तुटतोच. अडचण एवढीच की कधीकधी दोन्ही गाड्या एकाच वाड्यात उभ्या असतात.

राहिली ऊसतोड, आणि माझ्या मते निम्मा निर्णय इथेच आहे. तुरा आलेला ऊस उभा राहिला तर वजन घटतं, मग दरातला शंभराचा फरक कुठल्या कुठे जातो. ऊस कमी असलेल्या साली खासगीची तोडणी टोळी दारात हजर. जास्त असला की त्यांना तू ओळखूही येत नाहीस. 2021-22 आठव. मराठवाड्यात जून उजाडला तरी ऊस रानात होता. अशा वेळी सभासदाचा ऊस आधी न्या म्हणून सहकारीच्या गट ऑफिसला जाऊन टेबल वाजवता येतं. खुशाली, म्हणजे तोडीसाठी वरचे पैसे, दोन्हीकडच्या टोळ्यांना द्यावी लागते, त्यात तुलना करण्यासारखं काही नाही.

मी तुझ्या जागी असतो तर दोन एकर आडसाली सहकारीला नोंदवतो आणि खोडवा (तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून पुन्हा फुटलेला ऊस) खासगीला. सगळा खासगीला घातलास तर पोटनियमाप्रमाणे क्रियाशील सभासद राहतोस का ते आधी बघ. बिल 14 दिवसांत यायला हवं, उशिराला 15 टक्के व्याजाची तरतूद आहे. दोघांपैकी कुणाच्या नावाने साखर आयुक्तांनी आरआरसी, म्हणजे थकलेल्या बिलाच्या वसुलीचा आदेश, काढली होती का, हे विचारून घे. एक खेप बाहेरच्या काट्यावर वजन करून मग आत पाठव.

आणि तालुक्याला जाशील तेव्हा मृत्यूचा दाखला घेऊन जा. मत मत म्हणून मी एवढं लिहिलं खरं, पण शेअर अजून आजोबांच्याच नावावर आहे. वारसनोंद कुणीच केलेली नाही.