दहा रुपयांचा कॅपॅसिटर आणि आठ महिने: दुरुस्त केलेल्या एसएमपीएसचा अनुभव

गेल्या सप्टेंबरात घरच्या कॉम्प्युटरचा एसएमपीएस, म्हणजे भिंतीतली वीज कॉम्प्युटरला लागेल तशी करून देणारा डबा, मी स्वतः उघडून दुरुस्त केला. तेव्हाच लिहिणार होतो, पण दुरुस्तीनंतर दोन दिवस कुठलीही वस्तू चालते. आता आठ महिने झालेत, मधला अख्खा उन्हाळाही गेला, म्हणून लिहितोय.

मशीन सात वर्षं जुनं. बायकोचं डीटीपीचं काम त्यावर चालतं, त्यामुळे रोज आठ-नऊ तास चालू. दुखणं असं होतं की आठवडाभर काही कुरकूर नाही, आणि शुक्रवारी सकाळी बटण दाबलं की शुकशुकाट. पंखा नाही, दिवा नाही. दुपारी बारा-एकला पुन्हा दाबलं की जणू काही झालंच नव्हतं. एका दुरुस्तीवाल्याने ‘मदरबोर्ड गेलाय, साडेसहा हजार’ असं उभ्या उभ्या सांगून टाकलं. मीटर लावलाच नाही.

शुक्रवारच का, हे कळायला मला तीन आठवडे लागले. आमच्या पुण्यात देखभालीसाठी वीज जाते ती गुरुवारी. इतर दिवशी कॉम्प्युटर बंद केला तरी भिंतीवरचं बटण आम्ही चालूच ठेवतो, म्हणजे एसएमपीएसमधला स्टँडबायचा भाग (मशीन बंद असताना बटण दाबायची वाट बघत बसणारा) रात्रंदिवस जागा असतो. गुरुवारी तो झोपला की सकाळच्या गारव्यात उठायचं नाव घेत नव्हता. खात्री करायला शुक्रवारी हेअर ड्रायर आणला आणि मागच्या जाळीतून तीन-चार मिनिटं गरम हवा सोडली. मशीन चालू! बायको म्हणाली, ‘आता याला रोज न्हाऊ-माखू घालायचं का?’

मग मीटर. चोवीस पिनांच्या कनेक्टरमधली जांभळी वायर स्टँडबायची. प्लगमध्ये वीज आहे तोवर तिथे 5 व्होल्ट हवेतच, मशीन बंद असलं तरी. माझ्याकडे आकडा शून्य ते अडीच असा हलत होता आणि आतून बारीक टिक-टिक ऐकू येत होती. हिरवी वायर काळीला जोडून एसएमपीएस चालू करायची युक्ती सगळ्यांना माहीत असते. पण जांभळीच मेली असेल तर हिरवीला हात लावून उपयोग नाही, आणि बरेच जण आधी तेच करत बसतात.

डबा उघडण्याबद्दल एकच सांगतो. आत 230 व्होल्टचे डीसीमध्ये सव्वातीनशेच्या आसपास होतात आणि प्लग काढल्यावरही मोठ्या कॅपॅसिटरमध्ये (वीज साठवणाऱ्या डबीत) ते बसून राहू शकतात. मी प्लग काढून रात्रभर ठेवला, सकाळी होल्डरमधल्या 60 वॅटच्या बल्बच्या वायरी त्या कॅपॅसिटरच्या टोकांना लावून उरलंसुरलं काढलं, मग मीटरने शून्य बघितलं आणि तेव्हा कुठे बोट घातलं. मीटर धरायची सवय नसेल तर हा उद्योग करू नका.

दोषी सापडला तो हीटसिंकला (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्टीला) चिकटून बसलेला, शेंगदाण्याएवढा 22 मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर. फुगला नव्हता, गळला नव्हता, म्हणून पहिल्या नजरेत सुटला. काढून मोजला तर जेमतेम 3. स्टँडबायच्या आयसीला, म्हणजे चिपला, उठायला लागणारी पहिली घोटभर वीज हा साठवतो. वाळल्यामुळे घोट पुरत नव्हता. आयसी उठायची, पडायची, पुन्हा उठायची, तीच ती टिक-टिक. एकदा उठली की पुढे ट्रान्सफॉर्मरच तिला पोसतो, म्हणून आठवडाभर सुखाचा. गरम झाल्यावर वाळका कॅपॅसिटरही जरा बरा वागतो, हे हेअर ड्रायरचं कोडं. आउटपुटच्या बाजूला 1000 मायक्रोफॅरडचे दोन मात्र डोकं फुगवून बसले होते, तेही काढले.

तपकीर गल्लीत गेलो. ‘काका, एकशे पाच डिग्रीपर्यंतची उष्णता सोसणारेच द्या.’ ‘पंच्याऐंशीचे पण चालतात की हो.’ चालतात, पण हीटसिंकच्या शेजारी किती दिवस? लहान दहाचा, मोठे पंधरा-पंधराचे. व्होल्ट जुन्याएवढे किंवा वरचे घ्यायचे, आणि अंगावरचा पट्टा ऋण टोकाचा, एवढं सांभाळलं की झालं. पहिल्यांदा वीज दिली ती थेट नाही, इलेक्ट्रिशियन वापरतात तशी सिरीजमध्ये 100 वॅटचा बल्ब टाकून. बल्ब एकदा लखलखला आणि विझत गेला. तो तसाच पेटलेला राहिला असता तर आत कुठेतरी शॉर्ट. जांभळीवर 5.04.

पुढचे आठ महिने. दर महिन्याला, काम चालू असताना, 12 व्होल्टच्या पिवळ्या वायरवर मोजतो: कधी 11.9, कधी 11.95. 11.4 ते 12.6 मधलं काहीही चालतं, तेव्हा तक्रार नाही. गुरुवार-शुक्रवारचं दुखणं एकदाही उलटलं नाही. फेब्रुवारीत मात्र मशीन दोनदा भर कामात बंद पडलं आणि मी बिचाऱ्या नव्या कॅपॅसिटरला शिव्या घातल्या. चूक माझीच निघाली. बोर्ड पुन्हा बसवताना ट्रान्सफॉर्मरच्या एका पायावर ताण आला असणार. भिंगातून बघितलं तर पायाभोवती केसाएवढी गोल चीर. ड्राय सोल्डर, म्हणजे सुटलेला डाग. फ्लक्स (सोल्डर नीट पकडावं म्हणून लावायचं रसायन) लावून पुन्हा सोल्डर केलं, पाच मिनिटांचं काम. त्या दिवशी एका लग्नपत्रिकेचं प्रूफ गेलं, ते अजून ऐकतोय. एप्रिलमध्ये पंखा घरघरायला लागला, स्टिकर उचलून शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब. महिनाभर गप्प होता, आता पुन्हा सुरू झालाय. पंखाच बदलावा लागेल.

दुरुस्तीने डब्याची लायकी वाढत नाही, हेही सांगायला हवं. बाहेर 450 वॅट छापलंय. त्याखालच्या तक्त्यात 12 व्होल्टसमोर 14 अँपिअर आहे, म्हणजे 168 वॅट. आमचा प्रोसेसर 65 वॅटचा, ग्राफिक्स कार्ड नाही, म्हणून भागतं. भाच्याने सुट्टीत त्याचं जुनं ग्राफिक्स कार्ड आणलं, ‘मामा, लावून बघू ना.’ नाही म्हणालो. त्याला कार्ड लावायचंच असेल तर नवा एसएमपीएस घ्यायचा, आणि घेताना बाहेरचा मोठा आकडा सोडून तो तक्ता वाचायचा.

या डब्याचे मोठे 200 व्होल्टवाले कॅपॅसिटर किंवा स्विचिंगचे ट्रान्झिस्टर गेले तर मी दुसऱ्यांदा उघडणार नाही. तोवर बायकोच्या फाइल रोज संध्याकाळी पेनड्राइव्हवर जातात. ही अट तिनेच घातली, फेब्रुवारीत.