पाडव्याची ओवाळणी: एक लिटरचा स्टीलचा थर्मास, वर्षभर वापरल्यावर

गेल्या दिवाळीत पाडव्याला हिने ओवाळलं, तेव्हा मी तबकाशेजारी हा थर्मास ठेवला. "साडी नको, प्रवासात उपयोगी पडेल असं काहीतरी द्या," असं तिनेच सांगितलं होतं. आज पुन्हा पाडवा. फराळासोबतचा चहा त्यातलाच आहे, म्हणून अनुभव लिहायला बसलो.

1994 साली लग्नानंतर एसटीने महाबळेश्वरला गेलो, तेव्हा सासूबाईंनी दिलेला पितळी फिरकीचा तांब्या सोबत होता. पसरणीच्या घाटात हिला गाडी लागली आणि मी त्यातलं पाणी तिच्या कपाळाला लावत बसलो. तो तांब्या अजून घरात आहे. त्याच्या फिरकीला आजवर काही झालेलं नाही, हे मुद्दाम सांगतोय.

गरम किती वेळ राहतं? जानेवारीत ठाण्याहून मांडवी एक्स्प्रेसने रत्नागिरीला निघालो. पहाटे पाचला भरलेला चहा दुपारी करबुडे बोगद्यात उघडला. साडेसहा किलोमीटरचा बोगदा, खिडकीबाहेर मिट्ट काळोख. हिने झाकणाच्या कपात चहा ओतला, फुंकर मारून एक घोट स्वतः घेतला आणि मग कप माझ्या हातात दिला. वाफ नव्हती, पण छान गरम होता. आम्ही कोरा चहा भरतो, दुधाची पावडर वेगळ्या डबीत. दुधाचा चहा इतके तास टिकत नाही.

आता रबरी रिंग. जूनमध्ये झाकणातली ही रिंग चपटी झाली आणि दोन तासांत चहा कोमट होऊ लागला, वर पिशवीत गळायचा. थर्मासच्या दोन भिंतींमध्ये निर्वात पोकळी असते, त्यामुळे उष्णता जाते ती मुख्यतः तोंडाकडून. म्हणजे सगळी भिस्त त्या रिंगेवर, आणि नेमकी तीच सुटी मिळत नाही! सर्व्हिस सेंटरला दोन हेलपाटे घातले. उत्तर एकच, "पूर्ण झाकण घ्या, 380 रुपये." चांगलं झाकण एका रिंगेपायी फेकून द्यायचं? काउंटरवर माझा आवाज चढला. त्या दिवशी लिहिलं असतं तर एकच तारा दिला असता.

घरी आल्यावर ही म्हणाली, "अहो, कुकर दुरुस्तीवाल्याला दाखवा ना." त्याने डब्यातल्या सिलिकॉनच्या सात-आठ रिंगा लावून पाहिल्या, एक चपखल बसली. पाणी भरून थर्मास उलटा धरला, थेंब नाही. 30 रुपये! सप्टेंबरमध्ये कासच्या पठारावर भुरभुर पावसात, एका छत्रीखाली उभं राहून चहा प्यायलो, पुन्हा पहिल्यासारखा गरम.

म्हणून आता चार तारे. पाचवा त्या रिंगेसाठी कापला, तो परत मिळणार नाही. घेणाऱ्यांनी रिंग दर वेळी काढून धुवावी आणि झाकण उघडं ठेवून थर्मास वाळवावा, नाहीतर वास धरतो.

आणि हो, झाकणाचा कप एकच येतो. दुसरा आम्ही घेतलेला नाही, घेणारही नाही.