एस्प्रेसो मशीन घ्यायचंय? आधी सांगा, कॉफीत दूध किती घालता

लग्नात त्या फुस्स करणाऱ्या मशीनवर मिळते तिला आपण एस्प्रेसो म्हणतो, पण ती वाफेने फेसाळलेल्या दुधातली इन्स्टंट कॉफी. खरी एस्प्रेसो म्हणजे साधारण १८ ग्रॅम बारीक दळलेली कॉफी, ९ बारच्या आसपास प्रेशर आणि २५-३० सेकंदात कपात ३६ ग्रॅम. खोक्यावर १५ बार, २० बार छापलेलं असतं ती पंपाची ताकद, त्यावरून काहीच ठरवू नका.

फक्त काळी पिणार असाल तर हाताने दाबायचं लिव्हर मशीन बघाच, वीज नाही, पंप नाही, बिघडायला फारसं काही नाही आणि शॉट (एका वेळी काढलेली एस्प्रेसो) अप्रतिम येतो. दुधाचा फेस मात्र वेगळा करावा लागतो.

थर्मोब्लॉकवालं मशीन (पाणी साठवून न ठेवता, जाता जाता तापवणारं) मिनिटभरात तापतं, ओट्यावर जागा कमी खातं, सकाळच्या घाईत हेच सोयीचं. वाफ जरा कमजोर असते. सिंगल बॉयलरमध्ये (शॉट आणि वाफ दोन्हीला एकच बॉयलर) शॉटला ९०-९५ डिग्री पाणी लागतं आणि वाफेला त्याहून बरंच जास्त तापमान, त्यामुळे शॉट काढला की थांबा, मग दूध, मग परत गार होईपर्यंत थांबा, दोघांना ठीक आहे पण घरात पाच जण कॅपुचिनोवाले असतील तर शेवटच्याच्या हातात कप येईपर्यंत पहिल्याचा संपलेला असतो. तिथे हीट एक्सचेंजर (वाफेच्या बॉयलरमधून जाणाऱ्या नळीत शॉटचं पाणी तापतं) किंवा ड्युअल बॉयलर हवा, शॉट आणि वाफ एकदमच. पण किंमत चढते, आणि बरीचशी मशीनं नीट तापायला वीस-पंचवीस मिनिटं घेतात.

बटण दाबलं की दळून कॉफी देणारं ऑटोमॅटिक? ज्याला शिकायचंच नाहीये त्याच्यासाठी छान. कॅप्सूलवालं मी नाही सुचवणार, दर कपाला महाग पडतं आणि चिकमगळूरच्या ताज्या बिया आपल्या इतक्या जवळ मिळतात त्या त्यात थेट घालता येत नाहीत.

आता सगळ्यात महत्त्वाचं, ग्राइंडर. मिक्सरमध्ये दळू नका प्लीज, काही कण पीठ काही कण रवा असं होतं आणि पाणी वाट मिळेल तिथून निसटतं, कॉफी एकाच वेळी आंबट पण आणि कडू पण. बजेट २५ हजार असेल तर दहा हजार तरी बर ग्राइंडरला (पात्याऐवजी दोन दातेरी चकत्यांमध्ये दळणारा) ठेवा, हाताने फिरवायचा चालेल, फक्त एस्प्रेसोइतकं बारीक दळतो ना ते विचारून घ्या. ग्राइंडर आत्ता जमणारच नसेल तर दुहेरी तळाची बास्केट (कॉफी भरायची जाळीची वाटी) असलेलं मशीन घ्या, विकतच्या दळलेल्या पावडरवरही बरी क्रेमा, म्हणजे वरचा सोनेरी फेस, देतं, आणि पुढे ग्राइंडर आला की साधी बास्केट लावायची.

आणि घरी बोअरचं पाणी येत असेल तर ते मशीनच्या टाकीत थेट ओतू नका, बॉयलरमध्ये क्षार साचतात.